लिव्हअबोर्ड डायव्ह बोटीवरची झोपायची जागा

स्कूबा डायव्हिंगसाठी काही दिवस सलग समुद्रात राहणाऱ्या बोटीला लिव्हअबोर्ड म्हणतात. तिच्यावर कोणती केबिन अन् कोणता बंक (एकावर एक लावलेल्या अरुंद पलंगांपैकी एक) घ्यायचा, याबद्दलची ही नोंद. वर्धा, यवतमाळ, गडचिरोलीकडच्या खेड्यांतून स्कूबाला जाणारा माणूस बहुतेक मालवण-तारकर्लीलाच जातो, सकाळी बोटीत बसला की जेवायला लॉजवर परत, त्यामुळे बोटीवर झोपायचा प्रश्न त्याच्यापुढं येतच नाही. तो येतो इजिप्तचा लाल समुद्र, मालदीव, थायलंडची सिमिलान बेटं, इंडोनेशियातलं राजा अम्पत अशा ठिकाणी.

उगम

ही पद्धत कोणी सुरू केली यावर एकमत नाही. काही जण ऑस्ट्रियाचा समुद्रसंशोधक हान्स हास याचं नाव घेतात. त्याचं ‘झारिफा’ हे तीन डोलकाठ्यांचं जहाज १९५३-५४ मध्ये कॅरिबियन अन् गॅलापागोसला गेलं, अन् १९५७-५८ च्या दुसऱ्या मोहिमेत लाल समुद्र, मालदीव करत आपल्या निकोबारपर्यंत आलं होतं. दुसरे लोक फ्रान्सचा समुद्रसंशोधक कुस्तो याची ‘कॅलिप्सो’ धरतात, ही मुळात दुसऱ्या महायुद्धात सुरुंग काढायला अमेरिकेत बांधलेली बोट, कुस्तोकडे आली १९५० मध्ये. पण या दोन्हींवर झोपणारे म्हणजे संशोधक, कॅमेरावाले अन् खलाशी, पैसे भरून आलेला पर्यटक त्यात नव्हता, म्हणून यांना पूर्वज म्हणणं जास्त बरं. भाडं घेऊन डायव्हरना रात्रीच्या मुक्कामासकट नेणाऱ्या बोटी साधारण १९६० ते ७० च्या दशकांत दिसू लागतात, अन् १९८४ साली कॅरिबियनमधल्या केमन बेटांवर निघालेल्या ‘अ‍ॅग्रेसर’ बोटीपासून आठवड्याच्या सहलीचा आजचा साचा रुळला असं बरेच जण मानतात. केबिन निवडायची भानगड पर्यटकासोबतच आली असावी, त्याआधी कप्तान दाखवेल तिथं अंथरूण.

हेलकावा

बोट मुख्यतः तीन तऱ्हेनं हलते. नाक वर-खाली होतं ते पिच, डावी-उजवीकडे कलते तो रोल, अन् अख्खी बोट उचलून खाली येते तो हीव्ह. हीव्ह सगळ्यांच्या वाट्याला सारखाच, त्यातून केबिन बदलून सुटका नाही. पिचचं तसं नाही. समजा बोट ३० मीटर लांब आहे अन् लाटेनं ३ अंश पिच होतेय, तर मधापासून १५ मीटरवर, म्हणजे अगदी नाकाशी झोपलेला माणूस दर वेळी सुमारे ७८ सेंटीमीटर वर अन् तेवढाच खाली जातो, अन् मधापासून ३ मीटरवर झोपलेला फक्त १६ सेंटीमीटर. रोलमध्ये उंची नडते, फिरण्याच्या अक्षापासून ५ मीटर वर केबिन असली अन् बोट १० अंश कलली की झोपलेला माणूस जवळपास ८७ सेंटीमीटर बाजूला फेकला जातो. म्हणजे सगळ्यात महाग अपर डेक (वरच्या मजल्यावरची) केबिन, जिचे फोटो एजंट आधी दाखवतो, तीच रोलमध्ये जास्त हलते.

मळमळीचं गणित वेगळं. १९७४ मध्ये ओ’हॅनलन अन् मॅककॉली या संशोधकांनी माणसांना वर-खाली हलवून पाहिलं, तेव्हा सेकंदाला ०.२ च्या आसपास, म्हणजे साधारण पाच सेकंदांत एक हेलकावा, हा वेग सगळ्यात वाईट निघाला. बोटीचे हेलकावे नेमके याच्या जवळपास पडतात. एस.टी.त एवोमिन घेणाऱ्यानं खालची, मधोमधची केबिन मागावी हे बरं. बेड बोटीच्या लांबीच्या दिशेनं, म्हणजे उभा असावा की आडवा, यावर दोन मतं आहेत. आडव्या बेडवर रोलमध्ये डोकं अन् पाय आळीपाळीनं वर होतात, उभ्यावर माणूस कुशीवरून कुशीवर लोळतो पण उशी लावून अडवता येतो, म्हणून उभा बेड बरा वाटतो.

बोट रात्री चालणार की नांगर टाकून राहणार हेही विचारून घ्यावं. मालदीवमध्ये प्रवाळकड्यांच्या आत पाणी बरंच शांत राहतं, लाल समुद्रात ब्रदर्स किंवा डेडालस या किनाऱ्यापासून दूरच्या डायव्हिंगच्या जागांना जाताना मात्र रात्रभर उघड्या समुद्रातून जावं लागतं.

आवाज

मागं इंजिन, नाकाशी नांगराची साखळी. जनरेटर बहुतेक रात्रभर चालतो कारण एसी त्याच्यावर. आपल्याकडे कूलर लावून झोपणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, पण इंजिनरूमच्या भिंतीला लागून पलंग असला तर गोष्ट वेगळी, तिथं आवाजापेक्षा थरथर जास्त.

बाहेर पडायची वाट

इथं आधीचं गणित उलटतं. २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियात सांताक्रूझ बेटाजवळ ‘कन्सेप्शन’ बोटीला पहाटे आग लागली, खालच्या डेकवरच्या सामाईक बंकरूममध्ये झोपलेले ३३ प्रवासी अन् एक कर्मचारी असे ३४ जण गेले. बंकरूममधून जिना अन् आपत्कालीन झडप अशा दोन वाटा होत्या, पण दोन्ही वर एकाच हॉलमध्ये निघत होत्या अन् तोच पेटला होता, वर रात्री गस्तीला कोणी जागं नव्हतं. नंतर अमेरिकेच्या तटरक्षक दलानं अशा बोटींचे नियम कडक केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाल समुद्रात ‘सी स्टोरी’ बुडाली तेव्हा काही जण केबिनमध्ये एका दिवसाहून जास्त वेळ अडकून जिवंत निघाले.

म्हणून नुसतं स्थिर जागेवर जाऊ नये. मेन डेकवर (खालच्या केबिनांच्या वरच्या मजल्यावर), मधल्या भागात केबिन मिळाली तर तीच घ्यावी, पण बऱ्याच बोटींवर मेन डेकवर जेवणाचा हॉल अन् डायव्ह डेक (डायव्हची तयारी करायची जागा) असतो, मग खालची घ्यायची अन् पहिल्याच दिवशी दोन्ही वाटा स्वतः चालून पाहायच्या, दुसरी वाट वेगळ्या ठिकाणी निघते का ते बघायचं. कॅमेऱ्याच्या लिथियम बॅटऱ्या रात्री केबिनमध्ये चार्जिंगला लावू नये.

इतर

लाल समुद्रात उन्हाळ्यात काही जण गादी घेऊन वर सनडेकवर झोपतात. अंगणात बाज टाकून झोपणाऱ्याला ते अवघड जात नाही, फक्त पहाटे दव पडून पांघरूण ओलं होतं. एकट्यानं जाणाऱ्याला अनोळखी माणसासोबत केबिन देतात, पूर्ण केबिन पाहिजे तर जास्तीचे पैसे लागतात. बाई एकटी असली तर सोबत बाईच देतील ना, हे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्यावं, अन् डेक प्लॅनही तेव्हाच मागावा.