विडंबन वेगळं, चालीवरचं गाणं वेगळं

निवडणूक असो, पेट्रोलची दरवाढ असो, कुणीतरी गाजलेल्या गाण्याच्या चालीवर चार कडवी पाडतो आणि वर ठळक अक्षरांत लिहितो, 'विडंबन'. बहुतेक वेळा ते विडंबन नसतं. चालीवरचं गाणं असतं. तो काही हलका प्रकार नव्हे. प्रचारात, गॅदरिंगमध्ये, लग्नात व्याह्यांची खेचायला झकास चालतो. पण म्हणून त्याला विडंबन म्हणायचं?

नकलेशी होणारा घोळ किरकोळ आहे. नकलाकार माणसाचा आवाज आणि हातवारे उचलतो, विडंबनकार लिहिण्याची ढब. झालं.

खरी गोची पुढे आहे. मूळ रचना विनोदात काय काम करते, हे कुणी बघतच नाही. हा माझाच एक नमुना घ्या:

मना सज्जना हेलमेटात जावे
तरी पावती फाडिती ते स्वभावे

रामदासांच्या मनाच्या श्लोकांचं भुजंगप्रयात वृत्त शाबूत आहे, 'तरी' आणि 'स्वभावे' जागच्या जागी आहेत. तरीही हे विडंबन नाही. हसू आलंच तर ते वाहतूक पोलिसांमुळे येतं, रामदासांना धक्काही लागलेला नाही. हीच तक्रार ओवीत घाला, फटक्यात घाला, काही बिघडत नाही. श्लोक इथे नुसता हमाल आहे. मनाच्या श्लोकांचं विडंबन करायचं तर त्यांची लकब पकडायला हवी: मनाला सारखी हाक मारायची, हे धर आणि ते सोड असे हुकूम द्यायचे. स्वतः पांघरूण न सोडता मनाला पहाटे पर्वतीवर पिटाळणारा एखादा गृहस्थ घ्या. मग हसू त्या उपदेशाच्या सुरातूनच फुटेल.

आता उत्तम नमुना. केशवसुतांची ओळ आहे, 'आम्ही कोण म्हणूनि काय पुससी? आम्ही असू लाडके' आणि पुढे 'देवाचे'. अत्र्यांनी केशवकुमार या नावाने 'झेंडूची फुले' या विडंबनसंग्रहात ती अशी केली: 'आम्ही कोण म्हणूनि काय पुसता दाताड वेंगाडुनी?' शार्दूलविक्रीडित वृत्ताच्या 19 अक्षरांतली पहिली 12 जवळजवळ जशीच्या तशी, फक्त 'पुससी'चं 'पुसता' झालं. यतीनंतरची, म्हणजे ओळीतल्या विसाव्यानंतरची 7 बदलली, पण लघु-गुरू तंतोतंत तेच. वाचणाऱ्याचा कान देवाच्या लाडक्याची वाट बघतो आणि अंगावर खेकसणारा माणूस येतो. तो लगेच विचारतो, मासिकात आमचा फोटो नाही का पाहिला? कवीचा तोरा मुळातच होता. अत्र्यांनी त्यातून देव काढला आणि तिथे फोटो लावला. मूळ ओळ ठाऊक नसेल तर इथली निम्मी गंमत गेली. हेलमेटाच्या ओळींना ती अडचण फारशी नाही.

मग ही केशवसुतांची टिंगल का? मला नाही वाटत. 'झेंडूची फुले' 1920च्या दशकातलं, केशवसुत तर 1905 सालीच गेले होते. फटका बसला तो तेव्हा मिरवणाऱ्या कवींना. म्हणजे रोख तिसऱ्यावर असला तरी विडंबन बाद होत नाही. फक्त ज्याला चिमटा काढायचा, त्याचं मूळ कवितेच्या सुराशी नातं हवं. मिरवणाऱ्या कवीचं 'आम्ही कोण?'शी आहे. पावती फाडणाऱ्याचं मनाच्या श्लोकांशी काय आहे?

आणि ते शेपूट, 'मूळ कवीची क्षमा मागून'! चालीवरच्या गाण्यात ते निरर्थक, कारण कवीला तुम्ही हातही लावलेला नाही. विडंबनात ते भित्रेपणाचं, कारण लावलाय तर लावलाय. क्षमा मागायचीच असेल तर अक्षर कमी पडलं की 'रे' आणि 'हो' घुसडणाऱ्यांनी वृत्ताची मागावी.