वाचनालयातील उपक्रमांची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील जुन्या वाचनालयांत आज पुस्तकांच्या देवघेवीबरोबर व्याख्यानमाला, ग्रंथप्रदर्शने, बालवाचकांचे मेळावे आणि स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालतात. हे उपक्रम म्हणजे अलीकडची भर, असा समज आढळतो. तो बरोबर नाही, कारण त्यांचे मूळ ही वाचनालये ज्या रीतीने उभी राहिली त्या रीतीतच आहे.

रत्नागिरीत १८२८ साली, नाशकात १८४० साली आणि पुण्यात १८४८ साली वाचनालये निघाली. त्या काळातील अशा अनेक संस्थांचे नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असेच असे आणि त्यांचा वाचकवर्ग प्रामुख्याने इंग्रजी शिकलेला होता. मराठी ग्रंथ निष्ठेने जमवून जतन करण्याचा विचार ठळकपणे पुढे आला तो १८९३ साली, विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले तेव्हा. मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचे. ही सारी वाचनालये वर्गणी आणि देणग्यांवर चालत, म्हणून लोकांना एकत्र बोलावणे ही त्यांची गरजच होती. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेने सार्वजनिक व्याख्यानाची जी आवड लावली, तिला गावोगावच्या वाचनालयांत हक्काची जागा मिळाली.

बडोदा संस्थानाची वाट वेगळी होती, आणि माझ्या मते ती अधिक धाडसी होती. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेल्या बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास १९१० साली पाचारण केले आणि ग्रंथालय हे राज्याचेच कर्तव्य मानले. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी स्वतंत्र विभाग होते, खेड्यांकडे पुस्तकांच्या पेट्या फिरत, आणि ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी चित्रपट व मॅजिक लँटर्न (काचेवरची चित्रे पडद्यावर मोठी करून दाखवणारा दिवा) यांच्या साहाय्याने ज्ञान देणारी शाखा होती. निरक्षरालाही ग्रंथालयाचा हक्क आहे, हे इतक्या लवकर ओळखणारे राज्यकर्ते विरळाच.

महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला, परंतु त्यात ग्रंथालय कर, म्हणजे ग्रंथालयांसाठी लोकांकडून घ्यायचा वेगळा कर, ठेवला नाही. लोकांनी चालवलेल्या संस्थांना मान्यता देऊन, अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान देण्याची पद्धत स्वीकारली गेली. त्यामुळे कारभार स्थानिक कार्यकारी मंडळाकडेच राहिला आणि व्याख्यान कोणाचे ठेवायचे, अभ्यासिका किती वाजेपर्यंत उघडी ठेवायची, हे आजही गावातलीच माणसे ठरवतात.