सामन्यात वापरलेली वस्तू : लिलावातल्या दाव्यामागचा इतिहास

१९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला पांढरा चेंडू, किंवा त्याच सामन्यातली निळी जर्सी, असं काही लिलावाच्या यादीत दिसलं तर पुढे वाचायची गरज नाही. तो सामना पांढऱ्या कपड्यांत आणि लाल चेंडूने झाला. विश्वचषकात रंगीत कपडे आणि पांढरा चेंडू आले ते १९९२ मध्ये. असा माल ओळखणं सोपं असतं. खरा त्रास दुसऱ्या मालाचा. जर्सी अस्सल, कंपनी बरोबर, साल बरोबर, कधी सहीसुद्धा खरी. फक्त ती त्या सामन्यात कुणी घातलेलीच नसते. भाव मिळतो तो नेमका या शेवटच्या गोष्टीला, आणि सगळ्यांत कच्चा पुरावाही तिचाच असतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हा प्रश्न आता घरापर्यंत आला आहे. तालमींतल्या जुन्या पैलवानांच्या घरी गदा आणि ढाली आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र इथेच असल्यामुळे हॉकीची परंपरा मोठी. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधल्या सुवर्णविजेत्या संघातले बंडू पाटील बेळगावचे, आणि त्याच संघाचे गोलरक्षक शंकर लक्ष्मण हे याच रेजिमेंटचे. ऑटोनगरच्या मैदानावर रणजी सामने होतात. त्यामुळे इथून वस्तू बाजारात जातात, आणि मोबाइलवर बोली लावून बाहेरच्या वस्तू इथे येतातही. दोन्ही बाजूंनी फसगत होऊ शकते. ती कशी होते हे कळायला आधी हा बाजार कसा घडला ते पाहावं लागतं.

सुरुवात सह्यांपासून झाली. अमेरिकेत नव्वदच्या दशकात बनावट सह्यांचा इतका सुळसुळाट झाला की टोनी ग्विन या बेसबॉलपटूला स्वतःच्याच संघाच्या दुकानात स्वतःच्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या दिसल्या. एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाने तपास केला. त्यातून जे बाहेर आलं ते महत्त्वाचं होतं: बनावट वस्तूसोबत बनावट प्रमाणपत्रही त्याच टोळीत छापलं जात होतं. प्रमाणपत्र विकणाऱ्याच्याच खिशातून येत असेल तर त्याची किंमत कागदाइतकीच. २००१ मध्ये मेजर लीग बेसबॉलने स्वतःची पद्धत सुरू केली. प्रत्येक सामन्याला नेमलेला माणूस हजर राहतो, तो बहुतेक करून आजी किंवा माजी पोलीस असतो. वस्तू मैदानातून बाहेर येताना तो स्वतः पाहतो आणि तिथल्या तिथे क्रमांकाचा होलोग्राम चिकटवतो. तो काढायला गेलं की फाटतो. ‘मी पाहिलं’ असं म्हणणारा तिऱ्हाईत माणूस या व्यवहारात पहिल्यांदा आला तो तेव्हा.

पण त्याआधीच दुसरी वाट उघडली होती. १९९६ च्या सुमारास खेळाडूंची चित्रं असलेल्या संग्रहाच्या कार्डांमध्ये सामन्यातल्या जर्सीचा चौकोनी तुकडा घालून विकायला सुरुवात झाली. कार्ड कंपन्यांना जर्सी ढिगाने लागू लागल्या, आणि तेवढ्या जर्सी कुठलाच खेळाडू घालत नाही. मग काही विक्रेत्यांनी दुकानातून नव्या जर्सी घेतल्या, त्या मळवल्या, घासल्या आणि पुरवल्या. २०११-१२ च्या सुमारास अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत असे खटले उभे राहिले आणि गुन्हे कबूलही झाले. ‘थेट संघाच्या सामानखोलीतून आलेली’ हा दावासुद्धा त्या काळात डळमळला. अमेरिकन फुटबॉलपटू एली मॅनिंगवरचा दावा याच मुद्द्यावर होता. २०१० च्या एका ई-मेलमध्ये सामन्यात वापरलेली म्हणून खपतील अशी दोन हेल्मेट मागितल्याचं न्यायालयात पुढे आलं. मॅनिंगने आरोप नाकारले आणि २०१८ मध्ये तडजोड झाली. लिलावघरंही यातून सुटली नाहीत. मास्ट्रो ऑक्शन्सच्या बिल मास्ट्रोने खोट्या बोली लावून भाव चढवल्याचं कबूल केलं आणि २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची कैद झाली.

क्रिकेटमधलं सगळ्यांत बोलकं उदाहरण मात्र स्वान्सीचं आहे. ३१ ऑगस्ट १९६८ रोजी गॅरी सोबर्सने माल्कम नॅशच्या एका षटकात सहा षटकार मारले. २००६ मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात ‘तो’ चेंडू २६,४०० पौंडांना गेला. घेणारा भारतातला होता. सोबत सोबर्सची सही असलेलं प्रमाणपत्र होतं आणि षटकात वापरलेल्या तीन चेंडूंपैकी हा एक, असं त्यात म्हटलं होतं. चेंडू ड्यूक बनावटीचा होता. नॅशचं म्हणणं असं की आपण स्टुअर्ट सरिजचा चेंडू टाकत होतो आणि संपूर्ण षटकात चेंडू बदललाच नाही. त्या षटकाचं बीबीसीचं चित्रीकरण उपलब्ध आहे. त्यात एकच चेंडू परत परत नॅशच्या हातात येताना दिसतो, आणि शेवटचा फटका मैदानाबाहेर रस्त्यावर जातो. पुढे २०१२ मध्ये हा चेंडू पुन्हा लिलावाला येणार होता. शंका निघाल्यावर तो मागे घेतला गेला. इथे खुद्द फलंदाजाची सही होती, नामांकित लिलावघर होतं, प्रमाणपत्रही होतं. कमी होती ती फक्त एका गोष्टीची: चित्रीकरण पाहून चेंडूवरचा शिक्का ताडून पाहण्याची. खेळाडूची आठवण हा पुरावा नव्हे. चाळीस वर्षांनंतर तर नव्हेच.

म्हणूनच आज या व्यवहाराचा कणा फोटो-जुळणी आहे. मॅराडोनाची १९८६ ची, हाताने गोल केलेल्या सामन्यातली जर्सी २०२२ मध्ये सदबीजने ७१ लाख पौंडांना विकली. ती स्टीव्ह हॉज या इंग्लिश खेळाडूकडे होती. मॅराडोनाच्या मुलीने हरकत घेतली की ही पहिल्या सत्रातली जर्सी आहे, गोल दुसऱ्या सत्रात झाले. सदबीजने बिल्ला, पट्टे आणि क्रमांक यांची सामन्यातल्या फोटोंशी जुळणी करून उत्तर दिलं. ही जुळणी शक्य झाली त्याला कारण आहे. त्या निळ्या जर्सी सामन्याच्या थोडे दिवस आधी मेक्सिको सिटीतच विकत घेतल्या होत्या आणि बिल्ले, आकडे घाईने हातानेच बसवले होते. त्यामुळे प्रत्येक जर्सी दुसरीपेक्षा थोडी वेगळी झाली.

जुळणी घरीही करता येते, फक्त घाई चालत नाही. आधी वस्तूवर अशी खूण शोधायची जी कारखान्यातून सगळ्यांवर सारखी येत नाही: सुटलेला धागा, आकड्याची कड शिलाईच्या कितव्या टाक्यावर येते ते, बिल्ल्याचा किंचित कल, जाळीदार कापडात आकडा कुठल्या भोकावर सुरू होतो ते. मग त्या सामन्याचा छायाचित्र-संस्थेचा मोठा, तारीख नोंदवलेला मूळ फोटो घ्यायचा. व्हॉट्सअॅपवर आलेला किंवा टीव्हीवरून टिपलेला फोटो चालत नाही, त्यात धागा आणि सावली यांतला फरक पुसला जातो. किमान तीन स्वतंत्र खुणा जुळाव्यात, आणि एखादी खूण जुळत नसेल तर ती का जुळत नाही हे सांगता आलं पाहिजे. सगळ्यांत जास्त चुका होतात त्या छापील नक्षी जुळवण्यात. नक्षी त्या बनावटीच्या प्रत्येक जर्सीवर तीच असते, त्यामुळे ती जुळली म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. शिवाय एक जर्सी किंवा बॅट अनेक सामन्यांत वापरली जाते. ‘त्याच’ सामन्याचा दावा टिकायला त्या सामन्यात पडलेली खूण सापडावी लागते, किंवा आधीच्या फोटोत नसलेली आणि नंतरच्या फोटोत असलेली.

त्याआधी साध्या तारखा ताडून घ्याव्यात. निम्मा माल तिथेच गळतो. भारतीय संघाच्या छातीवर सहारा होतं २००१ ते २०१३, स्टार २०१४ ते २०१७, ओप्पो २०१७ ते २०१९, त्यानंतर २०२३ पर्यंत बायजूज. कपडे २००६ ते २०२० नायकीचे, जून २०२३ पासून आदिदासचे. पण विश्वचषकात छातीवर देशाचं नाव असतं आणि प्रायोजक बाहीवर जातो. २०११ च्या अंतिम सामन्याची म्हणून छातीभर ‘सहारा’ लिहिलेली जर्सी आली तर ती दुसऱ्या कुठल्या तरी मालिकेची आहे, किंवा दुकानातली. कसोटीच्या पांढऱ्या शर्टावर पाठीला नाव-आकडा येऊ लागला तो ऑगस्ट २०१९ पासून. सचिन तेंडुलकर १९९६ चा विश्वचषक प्रायोजकाच्या स्टिकरशिवाय खेळला. एमआरएफ त्यानंतर आलं. २०१० च्या ग्वाल्हेरच्या द्विशतकाला बॅटवर आदिदास होतं.

बॅटमध्ये आणखी बघायला मिळतं. कडेची जाडी ४० मिलिमीटर आणि एकूण खोली ६७ मिलिमीटर ही मर्यादा ऑक्टोबर २०१७ पासूनची. ऐंशीच्या दशकातल्या बॅटच्या कडा याच्या निम्म्याही भरत नसत. तेव्हाची म्हणून जाड कडेची बॅट आली तर तिथेच थांबावं. विलोच्या रेषा, गाठ, कडेची चीर, स्टिकरचं अंतर हे फोटोत जुळतं. लाल चेंडूचा ठसा तांबूस असतो आणि त्यात कधी शिवणीचे टाके उमटतात. लाकडी हातोडीने ठोकून घेतलेल्या बॅटवरचे खड्डे गोल, सारखे आणि बिनरंगाचे असतात. एक सावधगिरी उलट बाजूने: मोठे खेळाडू दुसऱ्याच कारागिराने घडवलेल्या बॅटवर प्रायोजकाचं स्टिकर लावतात. म्हणून घडण आणि स्टिकर जुळत नाहीत एवढ्यावरून बॅट खोटी ठरवू नये.

झिजेकडे बघताना ती अंगाच्या हालचालीला धरून आहे का ते पाहावं. वेगवान गोलंदाजाच्या पांढऱ्या पँटवर चेंडू घासायच्या मांडीलाच लाल डाग हवा, मागचा पाय ओढणाऱ्याच्या बुटाचं टोक झिजलेलं हवं, कॉलरला घामाची आणि क्रीमची कड हवी. सँडपेपरने केलेली झीज हात सहज पोचेल तिथे सगळीकडे सारखी असते, आणि चहाच्या पाण्याचे डाग घडीवर जास्त गडद उमटतात. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा उपयोगी आहे, पण आपल्याकडे त्याने घोटाळाही होतो. चकाकी आणणारी रसायनं कापडात आणि धुलाईत सर्रास आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. त्याआधीचा शर्ट निळसर चमकला तर शंका घेतात. मात्र घरात जपलेला जुना शर्ट टिनोपाल किंवा डिटर्जंटने एकदा जरी धुतला असेल तरी तसाच चमकतो. अशा वेळी आतली शिवण, लेबलाची मागची बाजू आणि घडीत दबलेला धागा तपासावा.

आपल्या भागातल्या वस्तूंना एक जास्तीची कसोटी लावता येते, ती कागदावरच्या मजकुराची. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, मग म्हैसूर राज्यात गेलं, आणि ‘कर्नाटक’ हे नाव आलं १ नोव्हेंबर १९७३ ला. १९६५ च्या ढालीवर ‘कर्नाटक राज्य’ कोरलेलं असेल तर ती ढाल नंतरची. १९५८ च्या कोल्हापूरच्या प्रशस्तिपत्रावर ‘महाराष्ट्र राज्य’ असू शकत नाही. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा आहे, आणि इंग्रजीत ‘बेलगाम’ऐवजी ‘बेळगावी’ अधिकृतपणे २०१४ पासून. चांदीच्या गदा बहुधा लाकडावर चांदीचा पत्रा चढवून केलेल्या असतात. त्यांवरचं कोरीव काम भिंगाखाली पाहावं. जुने ओरखडे अक्षरांवरून गेलेले असतील तर अक्षरं तेवढीच जुनी. अक्षराची धार ओरखड्याला कापून गेली असेल तर नाव मागाहून घातलं आहे.

हॉकी स्टिकचंही तसंच. १९६४ ची म्हटलेली स्टिक तुतीच्या लाकडाची आणि वेताच्या मुठीची हवी. अगदी आखूड, घट्ट वळणाचं टोक बहुधा नंतरच्या, कृत्रिम मैदानांच्या काळातलं. ऑलिंपिक पदक गळ्यात घालायची पद्धत १९६० च्या रोमपासूनची. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं तेव्हाचं पदक ५१ मिलिमीटर व्यासाचं आणि कडीशिवायचं होतं. त्या ऑलिंपिकचं म्हणून मूळची कडी-फीत असलेलं पदक कुणी दाखवलं तर ते घेऊ नये.

बोली लावण्याआधी यादीतला शब्द वाचावा. ‘सामन्यात घातलेली’, ‘सामन्यासाठी दिलेली’ आणि ‘खेळाडूने सही केलेली’ हे तीन वेगळे दावे आहेत आणि त्यांच्या भावात कितीतरी पटींचा फरक असतो. लिलावघराचं शुल्कही हिशेबात धरावं: डिसेंबर २०२४ मध्ये ब्रॅडमनची टोपी ३ लाख ९० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या बोलीला गेली, पण घेणाऱ्याने मोजले ४ लाख ७९ हजार ७००. यादीचं पान, वर्णन, फोटो, पैसे भरल्याची पावती हे सगळं त्याच दिवशी जपून ठेवावं. माल विक्रीच्या १९३० च्या कायद्यात कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाबरहुकूम असावी लागते. २०१९ च्या ग्राहक कायद्याने ग्राहक राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं. म्हणजे लिलाव मुंबईचा असला तरी तक्रार बेळगावच्या जिल्हा आयोगात होऊ शकते, दोन वर्षांच्या आत. पुन्हा विकून नफा काढण्यासाठी घेतलेल्या वस्तूला मात्र ही वाट नाही, आणि परदेशी लिलावघराकडून पैसे परत मिळवायचे तर आधी त्याच्याच अटींतली परतफेडीची मुदत पाहावी लागते.