दुखणं बोटांचं, एक्स-रे छातीचा

‘बोटं धरलीत माझी, अन् डॉक्टर छातीचा एक्स-रे काढा म्हणतात. पैसे उकळायचे धंदे!’ सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या एका बाईंची ही तक्रार. शंका रास्त, निष्कर्ष तेवढा चुकीचा.

त्यांना आहे ऱ्हुमटॉइड संधिवात. सकाळी तासभर मूठ मिटत नाही; पान गुंडाळून दोरा बांधायचा म्हणजे शिक्षाच. हा झिजेचा आजार नव्हे. इथे रोगप्रतिकार यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. (तरीही ‘इम्युनिटी वाढवणारा’ काढा याच रोग्यांना विकला जातो! तांब्याच्या कड्याबद्दल तर बोलायलाच नको.)

या हल्ल्यातला मुख्य निरोप्या म्हणजे टीएनएफ हे प्रथिन. मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकार पेशी ते सोडतात. ते शेजारच्या पेशीच्या ग्राहीला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटलं की तिच्या केंद्रकातली दाहाची जनुकं जागी होतात, इंटरल्युकिन-१ आणि ६ हे आणखी निरोपे बाहेर पडतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी सांध्यात घुसतात, हाड कुरतडणाऱ्या पेशींना चेव येतो. निरोपे इतके असताना एकाला अडवून काय होणार, असं पुष्कळांना वाटे. पण अस्तराच्या पेशींवर प्रयोगशाळेत टीएनएफ रोखलं, तेव्हा इंटरल्युकिन-१ सुद्धा घटलं. म्हणजे टीएनएफ साखळीत वरच्या टोकाला! त्याच आधारावर लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी १९९२ मध्ये टीएनएफ रोखणाऱ्या औषधाची रुग्णांवर पहिली चाचणी सुरू केली.

या बाईंना डॉक्टर देऊ पाहतात ते अडालिमुमॅब हे असंच टीएनएफला धरून ठेवणारं प्रतिपिंड (अँटीबॉडी), ॲस्पिरिनच्या रेणूच्या सुमारे ८०० पट जड. ते जिवंत पेशींत बनवावं लागतं, म्हणून महाग. २०१४ मध्ये भारतीय बनावटीचं आल्यावर किंमत उतरली. प्रथिन असल्यामुळे पोटात गेलं तर पचून जाईल, म्हणून सहसा दर पंधरवड्याला कातडीखाली इंजेक्शन. साठवण २ ते ८ अंशांत. मे महिन्यातल्या सोलापुरात दुकानातून घरी नेतानाही बर्फाचा डबा हवा, पण ते गोठलं तर वाया गेलं.

आता छातीचं. टीबीचे जंतू पुष्कळांच्या शरीरात निपचित असतात, कारण पेशींनी त्यांना वेढून कोंडलेलं असतं. तो वेढा टिकवायला टीएनएफच लागतं. ते रोखलं की वेढा ढिला पडतो. म्हणून आधी एक्स-रे आणि कातडीवरची मांटू किंवा रक्ताची इग्रा ही टीबीची तपासणी. सुप्त टीबी निघाला तर प्रतिबंधक गोळ्या सुरू करून साधारण महिनाभराने इंजेक्शन. नंतरही खोकला रेंगाळला, संध्याकाळी कणकण आली, वजन घटलं, तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना गाठायचं.