वनस्पती-अर्कांची कर्करोगरोधी पेशीचाचणी

वनस्पतीच्या अर्कामुळे कर्करोगाच्या पेशी मरतात का, किंवा त्यांची वाढ खुंटते का, हे शरीराबाहेर वाढवलेल्या पेशींवर पडताळण्याच्या पद्धतीला पेशीचाचणी म्हणतात. औषधशोधातील ही पहिली चाळणी होय.

पान, साल किंवा मूळ वाळवून दळतात, मिथेनॉल किंवा पाण्यात भिजवून गाळतात आणि द्रावक उडून गेल्यावर उरलेला अर्क सहसा डीएमएसओ या दुसऱ्या द्रावकात विरघळवतात. स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७, फुप्फुसाच्या ए५४९, गर्भाशयमुखाच्या हेला अशा पेशी चाचणीसाठी वापरतात. भारतात पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे भांडार त्या पुरवते.

१९८३ पासून रूढ झालेल्या एमटीटी चाचणीत ९६ खळग्यांच्या तबकडीत पेशी पेरून त्यांवर अर्काच्या चढत्या मात्रा घालतात आणि तबकडी ३७° से. तापमानाला ४८ किंवा ७२ तास ठेवतात. मग एमटीटी हे पिवळे रसायन घातले की जिवंत पेशी त्यापासून फॉर्मझान हे जांभळे रंगद्रव्य बनवतात. पेशी मेलेला खळगा पिवळटच राहतो. रंगाच्या मोजणीवरून पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा, म्हणजे आयसी-५०, काढतात.

फसगत नेमकी याच रंगात होते. वनस्पतींमधील पॉलिफिनॉले या गटातील अनेक रसायने पेशी नसतानाही एमटीटी जांभळे करतात, आणि मेलेल्या पेशीही मग जिवंत भासतात. म्हणून पेशीविरहित खळग्यात नुसता अर्क, पेशी असलेल्या दुसऱ्यात नुसते डीएमएसओ आणि पेशी असलेल्याच तिसऱ्यात डॉक्सोरुबिसिनसारखे कर्करोगावरील ज्ञात औषध ठेवावेच लागते. हे नसेल, तर आयसी-५० चा आकडा कितीही देखणा असो, तो ग्राह्य धरू नये. पेशीतील प्रथिनांना रंगवणारी एसआरबी चाचणी या दोषातून बरीच सुटते. नवी मुंबईत खारघरच्या कर्करोग-संशोधन संस्थेत, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये ती वापरली जाते. निरोगी पेशींवरील तुलनाही तितकीच आवश्यक आहे, कारण सरसकट सर्वच पेशी मारणाऱ्या अर्काला विष म्हणतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८२ या काळात सुमारे ३५,००० वनस्पती-नमुन्यांचे अर्क तपासले. १९६२ मध्ये गोळा केलेल्या पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीचा अर्क केबी नावाच्या कर्करोगपेशींना मारक ठरला आणि त्यातून मन्रो वॉल व मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी टॅक्सॉल हे कर्करोगरोधी द्रव्य वेगळे केले. त्याची संरचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली, तर औषध म्हणून मान्यता १९९२ मध्ये मिळाली. तोंडाच्या कर्करोगाच्या समजल्या गेलेल्या केबी पेशी प्रत्यक्षात हेला असल्याचे पुढे उघड झाले. पेशींची ओळख डीएनएवरून पटवण्याचा आग्रह अशा प्रकरणांतूनच वाढला.

याच दोघांच्या गटाने १९६६ मध्ये चिनी वृक्षातून मिळवलेले कॅम्प्टोथेसिन पेशींना प्रखर मारक असले, तरी रुग्णांना त्याची विषारीता सोसली नाही. त्यात रासायनिक बदल करून घडवलेली टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही औषधे मात्र वापरात आली. सह्याद्रीतील नरक्या या झाडातही कॅम्प्टोथेसिन असते आणि त्यासाठी त्याची बेसुमार तोड व तस्करी झाली आहे.