प्रोपेलर शाफ्ट पुन्हा बसवल्यावर गाडी का थरथरते?

मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची फिरकी मागच्या चाकांकडे नेणारी लांब नळी, उतरवला, दोन्ही क्रॉस (नळीच्या दोन टोकांच्या सांध्यांतले अधिकच्या आकाराचे भाग) नवे घातले, नळीला रंग दिला, बोल्ट नीट आवळले. आणि आधी गुमान चालणारी गाडी आता वेग घेतला की थरथरते. पहिला संशय नव्या क्रॉसवर जातो. माझं मत असं की आणखी काही विकत घेण्याआधी शाफ्टखाली आडवं होऊन बघावं. भाग चांगले असतात, पण एकमेकांच्या हिशेबाने चुकीच्या जागी बसलेले असू शकतात.

गिअरबॉक्स चासीला जखडलेला असतो, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांमधली, त्यांना फिरवणारी दातेरी चक्रांची पेटी) मात्र स्प्रिंगांवर खालीवर होत राहतं. म्हणून शाफ्ट तिरका ठेवावा लागतो आणि दोन्ही टोकांना क्रॉस लागतात. तिरका असताना क्रॉसच्या या जॉइंटची एक खोड आहे: जॉइंटमध्ये येणारा वेग अगदी एकसारखा असला, तरी बाहेर पडणारा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. 3 अंशांच्या कोनात हा फरक जेमतेम 0.14 टक्के असतो, 10 अंशांत दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्का. रॉबर्ट हूकला ही खोड ठाऊक होती. 1676 मध्ये त्याने या जॉइंटचं वर्णन प्रसिद्ध केलं. सूर्यघड्याळाच्या तबकडीवर सावलीही अशीच कमीजास्त वेगाने सरकते, दोन्हींचं गणित एकच आहे, आणि हूकला त्या साम्याचाच उपयोग करायचा होता. गाडीला मात्र हा चढउतार नको असतो. म्हणून दुसरा जॉइंट पहिल्याच्या बरोबर उलट चढउतार करून तो पुसून टाकतो. त्यासाठी दोन्ही जॉइंटचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक (क्रॉसला धरणारे दुबेळके) एका पातळीत हवेत.

घोटाळा होतो तो इथेच. सरकता योक स्प्लाइनवर, म्हणजे लांबीच्या दिशेने कापलेल्या दात्यांवर, बसतो आणि बऱ्याच गाड्यांत तो कुठल्याही दात्यावर बसू शकतो. नव्वद अंशांनी फिरून बसला, तर दोन्ही जॉइंटचे चढउतार पुसले जाण्याऐवजी एकमेकांत मिसळून दुप्पट होतात. त्याहून फसवी चूक म्हणजे एकशे ऐंशी अंशांची. योक एका पातळीत दिसतात, पाहणारा निर्धास्त होतो. पण शाफ्टचं बॅलन्सिंग सगळे भाग जोडून केलेलं असतं, ते बिघडलेलं असतं. म्हणून उतरवण्याआधी योक, नळी आणि फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती) यांवर रंगाच्या खुणा करायच्या. ते राहून गेलं असेल तर फ्लँजचे बोल्ट काढून शाफ्ट अर्धा फेरा फिरवून लावून बघावा.

असंतुलनाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. मध्यापासून 4 सेंटिमीटरवर 10 ग्रॅम वजन जास्त असेल, तर मिनिटाला 3000 फेऱ्यांवर ते सुमारे 4 किलो वजनाइतक्या जोराने शाफ्ट ओढतं, आणि ही ओढ प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलते. नळीवर वाळलेला डांबराचा गोळाही एवढा पुरतो. फ्लँजच्या तोंडावर राहिलेला रंगाचा थर शाफ्टचा मध्य हलवतो. क्रॉसच्या टोकांवरच्या बेअरिंगच्या कपांत सुयांसारखे बारीक रोलर असतात. क्रॉस दाबून बसवताना एखादी सुई कपाच्या तळाशी आडवी पडली, तर कप पूर्ण आत जात नाही, त्याला अडवणारं लॉक खाचेत बसायला कुरकुर करतं, क्रॉस मध्यावर राहत नाही. लॉक हातोडीने ठोकावं लागत असेल तर तिथेच थांबून कप उघडावा.

दोष कुठे आहे हे थरथरीच्या गतीवरून ओळखता येतं. चाकाचा घेर 2 मीटर आणि डिफरन्शियलचं प्रमाण 4 धरा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार. ताशी 80 किलोमीटरला चाक सेकंदाला 11 फेरे घेतं, शाफ्ट 44. स्टिअरिंगमध्ये जाणवणारे मोजता येतील असे धक्के चाकाचे. फरशीतून येणारी सलग गुणगुण सेकंदाला 44 कंपांच्या आसपास असेल तर असंतुलन किंवा वाकलेली नळी. त्याच्या दुप्पट, म्हणजे 89 च्या आसपास असेल तर कोन किंवा योकची जुळणी. फोनवरचं कंप मोजणारं ॲप एवढा फरक दाखवू शकतं, बाजूला बसलेल्याने फोन फरशीवर दाबून धरायचा.

त्याआधी इंजिन वगळावं. मोकळ्या सरळ रस्त्यावर, थरथर येते त्याच वेगाला क्षणभर न्यूट्रल करावं. थरथर तशीच राहिली तर ती इंजिनाची नाही. ती फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल, तर पाटा स्प्रिंगांवर डिफरन्शियलचं तोंड वर उचललं जाऊन कोन बदलतोय. स्प्रिंगांचे बुश आणि यू-बोल्ट बघावेत. दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये मधल्या बेअरिंगचं रबरही चाचपावं.

जुळणी आणि कोन बरोबर असूनही थरथर उरली, तर होज क्लिप (रबरी पाइप आवळायची स्क्रूची पट्टी) कामी येते. नळीच्या मागच्या टोकाला ती आवळायची, तिचा स्क्रू हेच वजन. पाव-पाव फेरा सरकवत गाडी चालवून बघायची आणि थरथर सर्वांत कमी होते ती जागा खुणेने धरून ठेवायची. कुठेच फरक पडत नसेल तर क्लिप काढावी आणि नळी वाकली आहे का, ते डायल गेजने (बारीक फरक काट्यावर दाखवणाऱ्या मापकाने) तपासावं.