रक्त द्यायचं की लघवी?

भुसावळ-दीपनगर पट्ट्यात तपासणी शिबिर लागलं की लोक बाही वर करूनच रांगेत उभे राहतात. तिथल्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेचं जे काही अंगात गेलं असेल ते रक्तात दिसेलच, असा सगळ्यांचा समज. दगडी कोळशाच्या राखेत शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा हे सगळे थोड्या थोड्या प्रमाणात असतात, पण शरीरात शिरल्यावर प्रत्येकाची वाट वेगळी.

शिशासाठी रक्तच हवं. ते तांबड्या पेशींना चिकटून फिरतं, महिन्याभरात रक्तातलं निम्मं कमी होतं आणि बरंचसं हाडांत जाऊन वर्षानुवर्षं बसतं. म्हणजे रक्ताचा आकडा मुख्यतः अलीकडच्या काही आठवड्यांचा. लहान मुलांत ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त आलं, तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटना २०२१पासून सांगते. त्याखाली सगळं ठीक, असा मात्र अर्थ नाही. शिशाची सुरक्षित पातळी अजून कुणालाच सापडलेली नाही. बोटाला टोचून रक्त घेणार असतील तर आधी मुलाचे हात साबणाने घासून धुवा. बोटावरच्या धुळीतलं शिसं थेंबात उतरलं की आकडा उगाच फुगतो. जास्त आलाच, तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करायची.

आर्सेनिकचं नेमकं उलट. बोअरच्या पाण्यातून पोटात गेलेलं आर्सेनिक काही तासांत रक्तातून निघून जातं. मागच्या दोन-चार दिवसांचं चित्र लघवीत दिसतं. रक्ताचा स्वच्छ अहवाल हातात घेऊन तेच पाणी पीत राहणं, ही मला सगळ्यात घातक गोष्ट वाटते. नमुना देण्याआधी तीन-चार दिवस आठवडी बाजारातले सुकट-बोंबील बंद ठेवा. समुद्री मासळीतलं आर्सेनिक बहुतांशी निरुपद्रवी असतं, पण एकूण आकड्यात तेही मोजलं जातं. लघवी पातळ की दाट यावरही आकडा बदलतो, म्हणून सोबत क्रिएटिनिन (स्नायूंतून लघवीत येणारा टाकाऊ पदार्थ) मोजलेलं हवं.

कॅडमियमला दोन्ही लागतात: रक्तात अलीकडचं दिसतं, लघवीत मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साचलेलं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यात ते तसंही जास्त सापडतं, तेव्हा अर्जावर खरं लिहा. पाऱ्याची वाफ लघवीत पाहायची, मासळीतला पारा रक्तात.

धातू 'बाहेर काढणारं' औषध आधी देऊन मग लघवी तपासणारे भेटले तर सरळ नाही म्हणा. त्या औषधाने कुणाचाही आकडा चढतो, आणि त्याची तुलना करायला मान्य प्रमाण नाही.

मुलाचं रक्त शिशासाठी काढताय, तर हिमोग्लोबिनही त्याच वेळी करून घ्या. लोह कमी असलेलं मूल शिसं जास्त शोषून घेतं.